अमोसने कातडं कमावलं, पण स्वातंत्र्य 'कमावलं' म्हणायचं का?

सुगरणपक्षी · रविवार, सकाळी ८.१५

आमच्या वसाहतीच्या छोट्या ग्रंथालयात दर शनिवारी संध्याकाळी पाचवी ते सातवीची चौदा-पंधरा मुलं जमतात. मी मोठ्याने वाचते, ती ऐकतात, मध्येच भांडतात. गेले चार शनिवार अमोस फॉर्च्यूनचं चरित्र चालू आहे. एलिझाबेथ येट्स यांनी मुलांसाठी लिहिलेलं, १९५० सालचं. १९५१ मध्ये त्याला न्यूबेरी पदक, म्हणजे मुलांच्या पुस्तकांसाठीचा अमेरिकेतला मोठा पुरस्कार, मिळालं. पुस्तक इंग्रजी आहे, मी वाचता वाचता मराठीत सांगत जाते.

ज्यांना अमोस माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. साधारण १७१० च्या सुमारास आफ्रिकेत जन्मलेला मुलगा. पकडून अमेरिकेत आणला, विकला. मॅसॅच्युसेट्स राज्यात बॉस्टनच्या उत्तरेला वोबर्न नावाचं गाव आहे, तिथल्या इचाबॉड रिचर्डसन या कातडी कमावणाऱ्याकडे तो गुलाम होता. तिथेच धंदा शिकला. साठीला आला तेव्हा पैसे मोजून स्वतःला सोडवलं. पुढे १७८१ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या जाफ्री गावी गेला, स्वतःचा कारखाना थाटला आणि १८०१ मध्ये, ९१ व्या वर्षी वारला.

काल माझ्या तोंडून सहज गेलं, "अमोस दिवसभर कातडी कमवायचा आणि असं करत करत त्याने स्वातंत्र्य कमावलं." एक मुलगी म्हणाली, "कातडी कमावतात म्हणजे?" मी सांगितलं की कच्चं कातडं कुजतं, म्हणून त्यावर साली, चुना वगैरेची प्रक्रिया करतात, मग ते टिकाऊ होतं. त्यावर तिने विचारलं, "मग स्वातंत्र्यपण आधी कच्चं असतं का?"

मी हसणार तेवढ्यात मागून सातवीतला एक मुलगा बोलला. "ताई, स्वातंत्र्य तर त्याचंच होतं. माझी सायकल चोरीला गेली आणि मी चोराला पैसे देऊन ती परत आणली, तर मी सायकल कमावली असं म्हणाल का?"

मला उत्तर देता आलं नाही. 'पुढच्या वेळी बोलू' म्हणून वेळ मारून नेली, आणि रात्रभर ते डोक्यात राहिलं. तुम्ही काय म्हणाल? 'कमावलं', 'मिळवलं', 'विकत घेतलं', 'सोडवून घेतलं'? मला शब्द हवा आहे, पण त्याहून जास्त त्यामागचं उत्तर हवं आहे.

जुना_वाचक · रविवार, सकाळी १०.०२

मी 'कमावलं' या बाजूने. पण आधी कागद बघा, कारण पुस्तकातला आणि नोंदींतला अमोस वेगळा आहे.

रिचर्डसनने १७६३ च्या अखेरीस त्याच्या सुटकेचा मसुदा लिहवून घेतला होता. ठरावीक वर्षं काम कर, मग तू मोकळा, असा. त्यावर सही मात्र केली नाही. १७६८ मध्ये रिचर्डसन वारला आणि मृत्युपत्रात अमोसच्या सुटकेचा शब्द नव्हता. म्हणजे त्या कागदाच्या भरवशावर हा माणूस पाच वर्षं राबला आणि शेवटी हातात कोरा कागद राहिला. तरी तो खचला नाही. वारसांशी नव्याने बोलणी केली, रक्कम ठरवली आणि १७७० मध्ये मोकळा झाला.

सुगरणपक्षी, यातली चिकाटी मुलांपर्यंत पोचायला हवी. नुसतं 'विकत घेतलं' म्हटलं की दुकानात जाऊन वस्तू आणल्यासारखं वाटतं. साठ वर्षांच्या माणसाने दिवसा मालकाचं काम करून, उरलेल्या वेळात स्वतःसाठी पै-पै जोडणं याला आपल्या भाषेत कमाईच म्हणतात. त्याच्याकडून ते क्रियापद काढून घेऊ नका.

अबोली · रविवार, दुपारी १.३७

जुना_वाचक, तुमचं म्हणणं कळलं, पण मला ते पटत नाही. 'कमावलं' म्हटलं की ऐकणाऱ्या मुलाच्या मनात नकळत हिशेब तयार होतो: चांगला वागला, कष्ट केले, म्हणून सुटला. मग जे सुटले नाहीत त्यांनी कष्ट कमी केले का? त्याच वोबर्नमध्ये, त्याच बॉस्टनमध्ये तेवढेच राबून गुलाम म्हणून मेलेली माणसं होती.

आणि त्याच राज्यातली दुसरी गोष्ट मुलांना सांगाच. मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम भागात बेट नावाची गुलाम बाई होती. १७८० मध्ये राज्याची नवी घटना झाली, त्यात सगळी माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत असं लिहिलं होतं. बेटने वकील गाठला आणि म्हणाली, हे मलाही लागू आहे. १७८१ मध्ये ज्युरीने तिच्या बाजूने निकाल दिला, आणि मालकाने तिला तीस शिलिंग भरपाई द्यावी असं ठरवलं. तिने नंतर नाव घेतलं एलिझाबेथ फ्रीमन.

बघा, इथे पैसे उलट्या दिशेने गेले. सायकलवाल्या मुलाला हे नक्की आवडेल.

गणिताची_वही · रविवार, दुपारी ३.१०

मी शाळेत गणित शिकवतो, म्हणून आकड्यांवरून बोलतो.

१७८३ मध्ये क्वॉक वॉकर नावाच्या गुलामाच्या खटल्यात मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाचं मत असं पडलं की राज्याच्या घटनेत गुलामीला जागा नाही. अमोस थांबला असता तर तेरा वर्षांनी, म्हणजे वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, एक पैसा न देता सुटला असता. त्याने थांबायला हवं होतं का? हा प्रश्न मुलांसमोर टाका आणि गप्प बसा. माझ्या अनुभवात पाचवीची मुलं अशा वेळी मोठ्यांपेक्षा चांगलं बोलतात.

दुसरा हिशेब वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलचा, म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या इमारतीचा. घुमटावर जो स्वातंत्र्याचा पुतळा आहे, त्याच्या ओतकामात फिलिप रीड नावाचा गुलाम कारागीर होता. त्याची मजुरी दिवसाला सव्वा डॉलर. आठवड्याचे सहा दिवस ती मजुरी मालकाला जायची, फक्त रविवारची त्याला. ३३ रविवारांचे ४१ डॉलर २५ सेंट त्याला मिळाल्याची सरकारी नोंद आहे. आता मुलांना विचारा: त्याच आठवड्यांत मालकाला किती मिळाले? पाचवीचा गुणाकार आहे. उत्तर आल्यावर वर्ग शांत होतो.

रापी · रविवार, रात्री ९.४४

खूप दिवसांनी इथे लिहितोय. मी कोल्हापूरकडचा, ढोर समाजातला. आमच्या आज्जांपर्यंत घरात कातडी कमवायचं काम होतं. सुगरणपक्षी, तुम्ही मुलांना 'साली, चुना वगैरे' एवढंच सांगितलंत, त्या 'वगैरे'त आमचं सगळं घर होतं म्हणून सविस्तर लिहितो.

कातडं आलं की आधी मीठ मारून ठेवायचं, मग पाण्यात भिजवून मऊ करायचं. मग चुन्याच्या कुंडात. चुन्याने केस सुटतात. आठवड्याभराने ते बाहेर काढून लाकडाच्या गोल ओंडक्यावर पसरायचं आणि वाकून दोन्ही हातांनी पात्याने खरवडायचं. एका बाजूचे केस, दुसऱ्या बाजूचं मांस. आज्जांच्या बोटांची कातडी चुन्याने फाटलेली असायची, भाकरी मोडताना ते अंगठा वापरायचे नाहीत. नंतर चुना धुऊन काढायचा, आणि मग खरं कमावणं: बाभळीची साल, हिरडा, कुठे तरवडाची साल. कातडं पिशवीसारखं शिवून त्यात सालीचा भुगा आणि पाणी भरायचं, आणि ते झाडाला किंवा लाकडी चौकटीला टांगायचं. थेंब थेंब पाणी झिरपतं, ते खाली धरून परत वरून ओतायचं. दिवसांमागून दिवस. शेवटी तेल पाजायचं. चांगलं कमावलेलं कातडं वाकवलं की भेग पडत नाही, आणि त्याला ओल्या मातीसारखा, जरा आंबट वास येतो. कुजल्याचा नाही.

अमोसच्या मुलखात बाभूळ नव्हती, तिथे ओक आणि हेमलॉकची साल. सुकवून दळायची, खड्ड्यात कातडं, सालीचा थर, परत कातडं असं रचायचं आणि पाणी सोडायचं. जोड्याच्या तळव्याचं जाड कातडं तयार व्हायला वर्षभर किंवा जास्तही लागायचं. म्हणून हा धंदा ओढ्याकाठीच. अमोसनेही जाफ्रीत १७८९ मध्ये २५ एकर जमीन घेतली ती ओढ्याकाठची.

आता शब्दाचं. आमच्याकडे 'कमावलं' म्हटलं की बोलणं कातड्याबद्दल नसतं, ते करणाऱ्या माणसाबद्दल असतं. 'हे कातडं आज्जानं कमावलंय.' म्हणजे त्यात त्याचा हात आहे, आणि काही महिने त्याने त्याच्याकडे लक्ष दिलंय. या अर्थाने अमोसने स्वतःचं आयुष्य कमावलं, असं मी म्हणेन. स्वातंत्र्य मात्र नाही. ते त्याचं होतं. ते त्याच्याकडून घेतलं होतं, आणि परत द्यायला त्याच्याचकडून पैसे घेतले.

एक अजून. ज्या गावाची मोट, पखाल, वहाण आमच्या घरात तयार झाली, त्या गावात आमची वस्ती बाहेर होती. आज्जांनी केलेल्या मोटेचं पाणी चालायचं, आज्जांचा हात लागलेलं पाणी चालायचं नाही. अमोसचं चरित्र मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला सगळ्यात जास्त काय लागलं असेल तर हे, की तो ज्या गावात कातडी कमवायचा त्या गावाच्या वाचनालयाचा तो संस्थापक सभासद होता. १७९५ मध्ये. आणि त्या वाचनालयाची फाटलेली पुस्तकं तो पुन्हा बांधून द्यायचा. कातडं कमावणारा माणूस आणि पुस्तकाचं कातडी पुठ्ठ्याचं आवरण. ते वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो होतो.

सुगरणपक्षी · रविवार, रात्री १०.२०

रापीदादा, काय लिहू. अंगठ्याचं वाचून थांबले. तुमची परवानगी असेल तर हे जसंच्या तसं मुलांना वाचून दाखवेन.

रापी · रविवार, रात्री १०.३१

वाचा ताई. जातीचं नाव गाळू नका तेवढं.

उत्तरवारा · सोमवार, सकाळी ७.०५

मी न्यू हॅम्पशायरमध्ये राहते, जाफ्री आमच्याकडून गाडीने तासाभराच्या अंतरावर. दोनदा जाऊन आले आहे, म्हणून डोळ्यांनी पाहिलेलं सांगते.

गावाच्या जुन्या भागात पांढरं, उंच मनोऱ्याचं सभागृह आहे, १७७५ सालचं. त्याच्या मागे जुनी दफनभूमी. मागे मोनॅडनॉक डोंगर. मी गेले तेव्हा ऑक्टोबर होता, पायाखाली पानांचा खच. अमोस आणि त्याची बायको व्हायोलेट यांचे दोन दगड शेजारी शेजारी उभे आहेत. गावच्या पाद्र्याने, लेबन एन्सवर्थने, लिहिलेला मजकूर आहे. अमोसच्या दगडावर साधारण असं आहे:

'अमोस फॉर्च्यूनच्या स्मरणार्थ. आफ्रिकेत स्वतंत्र जन्मला, अमेरिकेत गुलाम झाला, त्याने स्वातंत्र्य विकत घेतलं, ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला, मानाने जगला आणि आशेने देह ठेवला.'

तुमच्या धाग्याचं उत्तर मला तिथेच दिसतं. पहिलेच शब्द 'स्वतंत्र जन्मला'. आणि पुढे 'विकत घेतलं'. १८०१ सालच्या पाद्र्याने 'कमावलं' लिहिलेलं नाही.

पण त्याच गावाचं दुसरंही सांगायला हवं. १७८१ मध्ये अमोस बायको आणि दत्तक मुलगी सेलिंडियाला घेऊन तिथे आला, तेव्हा गावाने त्यांना 'निघून जा' अशी रीतसर नोटीस बजावली. ही त्या काळची पद्धत होती. नवा माणूस उद्या गरीब झाला तर त्याला पोसायची जबाबदारी गावावर येऊ नये म्हणून गोऱ्यांनाही अशा नोटिसा जात. तरी एकाहत्तर वर्षांच्या माणसाने सामान उतरवावं आणि दारात असा कागद यावा. तो गेला नाही. वीस वर्षांनी मेला तेव्हा त्याच गावाच्या चर्चला आणि आठव्या क्रमांकाच्या शाळेला पैसे ठेवून गेला.

त्याचे कागद गावच्या सार्वजनिक वाचनालयाने जपून ठेवले आहेत. आणि १९४७ पासून त्या सभागृहात उन्हाळ्यात त्याच्या नावाने व्याख्यानमाला होते. मी एकदा ऐकायला गेले होते. आपल्याकडच्या वसंत व्याख्यानमालेची आठवण झाली, लाकडी बाकं, हातपंखे आणि वेळेवर आलेले म्हातारे श्रोते.

अबोली · सोमवार, सकाळी ९.५०

व्हायोलेटच्या दगडावर काय आहे ते लिहाल का? मी त्याबद्दल ओझरतं वाचलंय.

उत्तरवारा · सोमवार, सकाळी १०.१२

हो. तो वाचवत नाही. 'खरेदीने अमोस फॉर्च्यूनची गुलाम, लग्नाने त्याची पत्नी, निष्ठेने त्याची सखी आणि विसावा. त्याची विधवा म्हणून वारली.' १३ सप्टेंबर १८०२, वय ७३. त्याच्यानंतर वर्षही पुरतं काढलं नाही तिने.

अबोली · सोमवार, सकाळी ११.३०

मग मुलांसमोर खरी अवघड गोष्ट हीच आहे. अमोसने आधी १७७८ मध्ये लिडिया नावाच्या बाईला पैसे मोजून सोडवलं, तिच्याशी लग्न केलं, ती काही महिन्यांतच गेली. पुढच्या वर्षी ९ नोव्हेंबरला त्याने व्हायोलेटला तिच्या मालकाकडून पन्नास पौंडांना घेतलं आणि दुसऱ्या दिवशी लग्न केलं. कायद्याच्या कागदावर त्या रात्री ती त्याची मालमत्ता होती. हे एका माणसाने केलेलं वाईट कृत्य नव्हे, तिला बाहेर काढायला दुसरं दारच नव्हतं. पण दगडावर तिची ओळख 'खरेदीने गुलाम' इथून सुरू होते, आणि अमोसची 'स्वतंत्र जन्मला' इथून. तिच्या जन्माबद्दल एक शब्द नाही.

येट्सबाईंच्या पुस्तकात तिला एक प्रसंग छान दिलाय. साठवलेले पैसे अमोस दुसऱ्या गरीब कुटुंबाला देऊन टाकणार असं दिसल्यावर ती पैशांची किटली लपवते, कारण तिला स्वतःची जमीन हवी असते. तिथे तिला मन आहे, मत आहे. तो भाग मुलांना जरूर वाचून दाखवा.

बाकी पुस्तकाबद्दल माझी तक्रार आहेच. अमोस राजपुत्र होता, बॉस्टनमध्ये त्याला आधी क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या एका दयाळू विणकराने घेतलं, हे सगळं लेखिकेने रचलेलं आहे. नोंदी वोबर्नपासूनच्या. आणि पुस्तकातला अमोस कधी चिडतच नाही. मुलं विचारतात, याला राग का येत नाही? राग आलेला माणूसही चांगला असू शकतो हे त्यांना त्या पुस्तकात सापडत नाही.

जुना_वाचक · सोमवार, दुपारी ४.२५

काल मी ठामपणे लिहिलं होतं, आज माघार घेतो. रापी यांनी आयुष्य आणि स्वातंत्र्य यात जो फरक केला तो मला सुचला नव्हता. 'आयुष्य कमावलं, स्वातंत्र्य सोडवून घेतलं.' मी आता असंच म्हणेन.

राजपुत्राच्या मुद्द्यावर अबोलींशी पूर्ण सहमत. राजपुत्र नसता तर त्याला पकडणं चाललं असतं का, असा अर्थ निघतो. साध्या घरातला मुलगा असणं पुरेसं होतं.

एक मराठी धागा राहून जाऊ नये. जोतिबा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' प्रसिद्ध केलं, ते अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलेलं आहे. पुण्यात बसून त्यांना ते नातं दिसलं. मुलं थोडी मोठी झाली की नुसतं ते अर्पणपत्र वाचून दाखवा. आणि आपल्याकडे गुलाम नव्हते असं कोणी म्हणालं तर पेशवाईतल्या कुणबिणी आणि बटकी आठवा. त्यांचीही खरेदी-विक्री होत होती आणि त्यांच्या नावाचा एकही दगड कुठे उभा नाही.

गणिताची_वही · सोमवार, रात्री ८.०५

शनिवारी काय झालं ते इथे लिहा ही विनंती. गुणाकाराचं उत्तर कोणी आधी दिलं तेही.

रापी · सोमवार, रात्री ८.४०

ताई, व्यक्तिगत निरोपात पत्ता कळवा. आमच्या एका नातेवाइकांकडे अजून थोडं सालीवर कमावलेलं कातडं असतं. हातभर तुकडा आणि एक कच्चा, फक्त मिठातला तुकडा पाठवतो. कच्चा वेगळ्या पिशवीत बांधेन, घरात उघडू नका.

सुगरणपक्षी · पुढचा रविवार, सकाळी ९.३०

सांगते.

रापीदादांचा खोका शुक्रवारीच आला. कच्चा तुकडा ग्रंथालयाच्या ओट्यावरच उघडला. पहिल्या रांगेतली चार मुलं नाक धरून मागे गेली. मग कमावलेला तुकडा हातोहात फिरवला. प्रत्येकाने वाकवून बघितला, वास घेतला. त्यानंतर दादांनी लिहिलेलं वाचलं, एक शब्द न गाळता. अंगठ्याच्या वाक्यावर एका मुलाने स्वतःचा अंगठा मुठीत धरला ते मला दिसलं. मोटेच्या वाक्यावर मी थांबले, कोणीच काही बोललं नाही, मीही बोलले नाही.

गुणाकार: उत्तर आलं २४७ डॉलर ५० सेंट. पाचवीतल्या मुलीने आधी सांगितलं. ती म्हणाली, "आणि त्याचे रविवारसुद्धा सुट्टीचे नव्हते."

थांबावं की नाही यावर वीस मिनिटं भांडण झालं. बहुतेकांचं म्हणणं थांबायला नको होतं, कारण १७७० मध्ये १७८३ कोणाला दिसत होतं? बेटच्या तीस शिलिंगांवर सायकलवाला मुलगा उभा राहून टाळ्या वाजवायला लागला.

शेवटी दोन्ही दगड फळ्यावर मराठीत लिहिले. मी मुलांना म्हटलं, व्हायोलेटचा तुम्ही नव्याने लिहा. वेळ संपली तरी आठ जणी-जण बसून राहिले. बहुतेकांच्या दगडाची सुरुवात 'स्वतंत्र जन्मली' अशी होती. एका मुलीने फक्त एवढंच लिहिलं: 'व्हायोलेट. हिने किटली लपवली.'

अबोली, तो कागद मी ग्रंथालयाच्या दाराला चिकटवला आहे. कच्चा तुकडा परसात पुरला. कमावलेला पुस्तकात खूण म्हणून ठेवलाय, जाफ्रीचं प्रकरण सुरू होतं त्या पानावर.